दोन खांब सावकाश

लिफ्ट बंद होती, खरं तर एवढंच झालं. जेवणाची सुट्टी संपत आलेली, लिफ्टच्या दारापुढे दोरी बांधलेली, आणि आत पालथा पडलेला मेकॅनिक कुणाला तरी शिव्या घालत होता. दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या, म्हणजे बूथ, सभागृहाच्या बाजूच्या भिंतीत, छताखाली. तिथवर जायला चार मजल्यांचा जिना. ती जिना चढली. घाईनेच चढली, कारण घाईशिवाय दुसऱ्या कुठल्या चालीने ती आयुष्यात कुठे गेलेलीच नव्हती. खुर्चीत बसली, कानांवर हेडफोन चढवले, माईकचं बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, आणि खाली व्यासपीठावर नेमके लांबणबुवा उभे राहिले. हे नाव दुभाष्यांनीच ठेवलेलं. नदीच्या पाणीवाटपाच्या प्रत्येक परिषदेला हे म्हातारे गृहस्थ येत, एक वाक्य सुरू करत, त्याच्या पोटात दुसरं घालत, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, आणि क्रियापद खिशात ठेवल्यासारखं शेवटपर्यंत दाखवत नसत. त्यांचा माग न सोडता भाषांतर करणं ही तिची खासियत होती. पण त्या दुपारी एका वाक्याच्या ऐन मध्यावर तिचा श्वास संपला. शब्द सगळे होते, ओळीने जिभेवर येऊन थांबले होते. त्यांना ढकलायला मागे काही नव्हतं. तिने श्वास घेतला, तो छातीच्या निम्म्यातच अडला, दुसरा घेतला तोही अडला, आणि मग सभागृहातल्या शेकडो कानांत भाषांतराऐवजी पन्नाशी उलटलेल्या एका बाईचं धापा टाकणं गेलं. खाली दोन-चार माना वळल्या. एका तरुण प्रतिनिधीने वर काचेकडे बघून हसू दाबलं, आणि ते तिला इतक्या उंचीवरूनही स्वच्छ दिसलं. शेजारच्या खुर्चीत कुणी हेडफोन चढवले, तिथून एक जाडसर हात आला, तिच्या पुढ्यातलं बटण बंद झालं, शेजारचं लागलं, आणि गुरुजींनी तिचं वाक्य पडलं होतं तिथून उचलून शेवटाला नेलं. क्रियापद त्यांच्या वाट्याला गेलं.

गुरुजी म्हणजे तिचे बूथमधले जोडीदार. कधीकाळी शाळेत भाषा शिकवायचे म्हणून गुरुजी. एरवी अंगाने सुटलेला, ढिल्या स्वेटरातला, कुणावरही आवाज न चढवणारा माणूस. ऐकता ऐकता त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत बोलायचं हे काम डोक्याला अर्ध्या तासापलीकडे झेपत नाही, म्हणून बूथमध्ये नेहमी दोघं असतात आणि पाळीपाळीने बोलतात. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, असा रिवाज आहे. गुरुजी तो मनापासून पाळत. पाळी संपली की ते हेडफोन काढून ठेवत, टेबलाखाली बूट काढत, थर्मासमधलं कोमट पाणी पीत आणि समोरच्या कागदावर होड्या काढत बसत. शिडाच्या होड्या, वल्ह्यांच्या होड्या, नांगर टाकलेल्या होड्या. तिला ह्या होड्यांचा कित्येक वर्षं मनातून राग होता. ती स्वतः पाळी संपली तरी हेडफोन काढत नसे. माईक बंद असे, दिवा विझलेला असे, आणि ती ओठातल्या ओठात भाषांतर चालूच ठेवी. न जाणो, गुरुजींचा एखादा शब्द अडला, एखादा आकडा निसटला, तर पुरवता यावा. जेवणाच्या सुट्टीतही दोन पाहुण्यांच्या मधे बसून ती त्यांचं एकमेकांना सांगत राही आणि तिच्या ताटातलं गार होई. त्या दिवशीही तसंच झालं होतं. ह्याला ती कर्तव्य म्हणत असे. लग्न झालं नव्हतं असं नाही, टिकलं नाही एवढंच; जाताना नवरा म्हणाला होता, ‘‘तू माझं ऐकत नाहीस गं, तू माझं भाषांतर करत असतेस.’’ तिला ते वाक्य तेव्हा फार चांगलं बांधलेलं वाटलं होतं, आणि ते आपल्याला लागलंय हे कळायला पुढे बराच काळ गेला.

विभागप्रमुख तिच्याहून वयाने लहान, एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेली. तिने बोलावून घेतलं, दार लावलं, खुर्ची पुढे केली. माणूस इतकं सौजन्य दाखवायला लागला की काय येणार ते कळतंच. ‘‘मॅडम, रागावू नका,’’ ती म्हणाली, ‘‘पण तक्रार आली आहे. आणि ही पहिली वेळ नाही. दुसऱ्या पाळीत तुमचा आवाज पातळ होतो, वाक्यं तुटतात, हे मीही ऐकलंय. खाली लेखी विभागात जागा रिकामी आहे. शांत खोली आहे. खिडकी आहे.’’ खिडकी आहे, हे तिने ज्या कळवळ्याने सांगितलं त्यानेच घाव बसला. लेखी विभाग म्हणजे कागद, शब्दकोश आणि आवाज नसलेला दिवस. ती म्हणाली, ‘‘मला पुढच्या मोठ्या परिषदेपर्यंत वेळ दे.’’ प्रमुख समोरच्या दिनदर्शिकेची पानं उलटत राहिली. मग म्हणाली, ‘‘दिला. पण त्या दिवशी मी खाली शेवटच्या रांगेत बसून ऐकेन. तुम्हाला दम लागतोय असं वाटलं तर मी वर येईन, तुमच्या खांद्यावर हात ठेवीन, आणि माईक सोडायचा. चारचौघांत तमाशा नको. चालेल?’’ चालेल, असं ती म्हणाली, आणि लिफ्ट सुरू झालेली असूनही हट्टाने जिन्याने खाली उतरली. उतरताना काही दम लागत नाही, हे तिला तळमजल्यावर आल्यावर सुचलं.

डॉक्टरांनी नळ्या लावल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं, फुगे फुगवावेत तसं एका यंत्रात फुंकायला लावलं आणि सांगितलं की हृदय ठीक आहे, फुप्फुसं ठीक आहेत, बिघडलं काहीच नाही. फक्त वापरलं गेलेलं नाही. ‘‘बसून काम ना? मग दम येणार कुठून? चालायला लागा, आणि नुसतं रमतगमत नको.’’ हे तिने बहिणीला फोनवर सांगितलं आणि बहिणीने अर्थातच ते मुलीला सांगितलं. भाची शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात कायम धावायचे बूट, बोलणं शिट्टीसारखंच. रविवारी सकाळी ती दारात हजर. ‘‘मावशी, चल. तळ्याकाठी.’’ तळ्याभोवती रस्ता होता, रस्त्याच्या कडेने दिव्यांचे खांब, आणि सकाळच्या वेळी तिथे कुत्री फिरवणारे आणि कुत्र्यांनी फिरवलेले असे दोन्ही प्रकारचे लोक असत. भाचीने आधी तिला बराच वेळ साधं चालवलं, अंग कोमट होऊ दे म्हणाली. मग खांब दाखवला. ‘‘ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत झपाझप. पळू नकोस, पण बस सुटते आहे असं चाल. मग पुढचे दोन खांब सावकाश. मग पुन्हा एक झपाझप. एवढंच. ह्याला इंटरव्हल म्हणतात, आणि ह्यासाठी लोक पैसे मोजून माझ्यासारख्यांना शिट्ट्या मारायला ठेवतात.’’ मावशीने विचारलं, ह्याने होतं काय? भाची चालता चालताच सांगत गेली: नुसतं एका चालीने तासभर चालण्यापेक्षा थोड्या वेळात जास्त काम होतं, हृदय एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, लागलेला दम लवकर खाली येतो, झोप चांगली लागते, जिना शत्रू वाटत नाही. एक दिवस करायचं, एक दिवस अंगाला सोडायचं. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर जागच्या जागी थांबायचं, तिथे शौर्य दाखवायचं नाही. ‘‘आणि मोजमाप कसलं नको. घाईच्या खांबात तुला दोन-तीन शब्दच बोलता आले पाहिजेत. सावकाश खांबांत पूर्ण वाक्य आलं पाहिजे. पूर्ण वाक्य धापा न टाकता आलं, की समजायचं दम उतरला. तोवर पुढचा खांब नाही.’’

इथेच सगळं चुकलं, आणि चूक अशी होती की ती तिच्यासारखीच कुणी करू जाणे. श्वास संपलेला असताना वाक्य पुरं करायचं, आणि ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, ह्याचीच तर तिने जन्मभर तालीम केली होती. घाईचा खांब संपला की भाची विचारी, ‘‘हं, बोल.’’ आणि ती छाती आत भात्यासारखी चालू असताना, स्वच्छ, सपाट, बूथमधल्या आवाजात म्हणे, ‘‘आज तळ्याला पाणी जरा कमी दिसतंय, आणि पलीकडच्या काठाला कुणीतरी नाव रंगवायला काढली आहे.’’ भाची खूश. ‘‘वा मावशी! तुला तर दमच नाही लागत.’’ मावशीलाही बरं वाटे. तिला परीक्षा उत्तीर्ण व्हायची सवय होती. सावकाशचे दोन खांब तिला मुळात पटतच नव्हते. एवढी सकाळी उठून, बूट घालून रस्त्यावर आलेली बाई रेंगाळत चालते हे दिसायला बरं नाही, असं तिला वाटे. ती त्या दोन खांबांतही मनाने पुढच्या घाईच्या खांबापाशी पोचलेली असे, दोनाचा एक करी, आणि अंगाला सोडायच्या दिवशी कुणाला न सांगता एकटीच येऊन सगळे खांब झपाझप करून जाई. परिषद जवळ येत होती. जास्त केलं तर जास्त होईल, इतका साधा हिशोब. आणि दिवसेंदिवस तिला जास्त थकवा येऊ लागला. झोप उडाली. कार्यालयात दुसऱ्या पाळीला आवाज आणखीच पातळ निघू लागला. शिकाऊ मुलींना शिकवताना पाठीमागच्या फळ्याचा आधार घ्यावा लागू लागला. व्यायामही आपल्याला लागू पडत नाही, आता ती खिडकी असलेली खोली, असं मनात येऊन एका सकाळी तिला भर रस्त्यात रडू फुटायचं राहिलं.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये गुरुजी तिच्यासमोर येऊन बसले. त्यांच्या हातात बशीने झाकलेला चहा होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘एक विचारू? माझ्या पाळीत तू गप्प का बसत नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘माझा माईक बंद असतो की.’’ ‘‘माईक बंद असतो, तोंड चालू असतं. मी एका कानावरचा हेडफोन नेहमी अर्धा सरकवून ठेवतो, स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. तो कान तुझ्या बाजूचा आहे. इतकी वर्षं मला त्या कानात माझ्याआधी तुझं भाषांतर ऐकू येतं.’’ ती चपापली. ‘‘मग सांगितलं का नाही तुम्ही कधी?’’ ‘‘सांगणार कधी? तू बोलत होतीस ना!’’ आणि ते मनापासून हसले. चहा बशीत सांडला. मग हसू ओसरल्यावर बशीकडे बघत म्हणाले, ‘‘मला आधी वाटायचं तुझा माझ्यावर भरवसा नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग वाटायला लागलं, हिला कुणी कधी सांगितलंच नसेल की आता तुझं काम नाही.’’  तिच्याजवळ बोलण्याजोगं वाक्य तयार होतं, आपण तुमच्या मदतीसाठीच तसं करत होतो असं. ते तिने उच्चारलं नाही, कारण ते खरं नव्हतं हे तिला त्याच क्षणी दिसलं आणि फार लाज वाटली.

कुणी कधी सांगितलं नसेल. घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती हेच घोळवत राहिली. तिच्या आईला ऐकू येत नसे. जन्मापासूनच. आईच्या आणि तिच्या मधे घरच्या खुणा होत्या, ओठ वाचणं होतं; वडिलांनी त्या खुणा शिकायचा कंटाळा केला आणि मोठी मुलगी बोलू लागल्यावर तर गरजच उरली नाही. ‘‘तिला सांग, मी उशिरा येईन.’’ ‘‘तिला विचार, किल्ली कुठे ठेवली.’’ शाळेत जायच्या आधीपासून ती आईचे कान होती. दारावरची घंटा तिने ऐकायची, उतू जाणारं दूध तिने ऐकायचं, धाकटी पाळण्यात रडली तर तिने ऐकायचं, आणि प्रत्येक वेळी धावत जाऊन आईच्या खांद्याला हात लावायचा, कारण ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक मारायची दुसरी तऱ्हा नाही. जेवताना ती आईबापांच्या मधे बसे. वडील म्हणत, ‘‘हिला कधी अक्कल येणार?’’ आणि ती आईला खुणेने सांगे, ते म्हणतात मीठ जरा कमी. आपल्याला वाटतं भाषांतर ती पुढे कुठल्या संस्थेत शिकली. ती तिथेच शिकली, गार होत चाललेल्या ताटावर. धाकटी गाढ झोपे. घरात सगळेच झोपत, कारण ती जागी असे. डोळे मिटलेले, आणि कान घरभर फिरत असलेले. आई जाऊन आता कितीतरी काळ लोटला होता, ऐकण्यासारखं घरात काही राहिलं नव्हतं, आणि अजून रिकाम्या घरात ती दूध गॅसवर ठेवून दुसऱ्या खोलीत बसली की कान स्वयंपाकघरात ठेवून यायची. दमणार नाही तर काय. स्वतःची अशी कीव तिला पहिल्यांदाच आली, आणि ती कीव सुखाची होती. बस तिच्या थांब्यावरून पुढे गेली तेव्हा ती भानावर आली.

पुढच्या रविवारी, घाईचा तिसरा की चौथा खांब संपताना, तळ्याचं पाणी एकदम तिरकं झालं. ती फुटपाथच्या कडेवर बसली.  ‘‘मावशी! काय होतंय? छातीत दुखतंय?’’ तिने मान हलवली, आणि म्हणाली, स्वच्छ, सपाट आवाजात, ‘‘काही नाही गं, सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणून जरा डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं, आता बरं आहे.’’ भाचीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. घामाने डबडबलेला, पांढराफटक पडलेला चेहरा आणि त्यातून निघालेलं हे इस्त्रीचं वाक्य. तिला एकदम उमगलं. ‘‘थांब. तू मला फसवतेस. तुला दम असो नसो, बोलता येतं!’’ मावशी बुटाची नाडी चाचपू लागली. ‘‘आणि मधल्या दिवशी येतेस का गं इथे? खरं सांग. आईची शपथ नको, नुसतं खरं सांग.’’ मावशीने खरं सांगितलं. भाचीने कपाळाला हात लावला. ‘‘अगं, माझ्या वर्गातली पोरं बरी. ती निदान पळायचं टाळतात. तू थांबायचं टाळतेस. कामचुकारपणाच की हा!’’ ‘‘मी तर सांगितल्यापेक्षा जास्त करत होते,’’ मावशी म्हणाली, आणि आपला आवाज लहान मुलीसारखा निघाला हे तिला ऐकू आलं. ‘‘जास्त कुठे? अर्धंच करत होतीस. घाईचा खांब म्हणजे शरीराला विचारलेला प्रश्न. उत्तर ते सावकाश खांबांत देतं. हृदय जोर धरतं ते तेव्हा, आणि मधल्या रिकाम्या दिवशी. तू उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न विचारतेस, मग ते बिचारं बोलायचंच सोडून देतं.’’ मावशी काही सांगायला गेली. ‘‘नाही. बोलायचं नाही आता. तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही.’’ असं म्हणून ती शेजारी कडेवर बसली, आणि तिने आपला तळहात मावशीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, पसरून ठेवला. ‘‘मी हाताने बघते. उतरला की सांगते.’’

तळ्याकाठचा रस्ता कुठल्या कुठे गेला. ती जिन्यातून धावत वर आली होती, दोन वेण्यांतली, खालच्या दुकानदाराने दिलेला कसला तरी निरोप घेऊन. मामा येतायत, की मामा येत नाहीत. दारात आई. ती हात वर करून खुणा करायला जाते तोच आई तिचे दोन्ही हात खाली धरते, तिला पाठमोरी वळवते, आणि पाठीवर तळहात ठेवते. असाच, इथेच. निरोप हातात वळवळत असतो. दूध उतू जाईल, मामा येतील, घंटा वाजेल. आई ऐकत नाही, तिला कुठे ऐकू येतंय. ती तळहाताने दम मोजत उभी असते, घाई नसलेली, भिंतीकडे बघत, आणि मुलगी चुळबुळली की हात जरासा दाबते. मग केव्हातरी धडधड खाली उतरते, पाठ आईच्या तळव्याखाली संथ वरखाली होऊ लागते, आणि आई तिला वळवून हनुवटी वर करते: हं, आता सांग. हे रोज होत होतं. दिवसातून कितीदा होत होतं. आणि ती हे विसरून गेली होती. निरोप सगळे लक्षात राहिले, आणि हा हात तेवढा विसरली. सांगणारं कुणी होतं. सारखं सांगत होतं. तळ्याच्या काठी बसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिने ते पुसलं नाही. ‘‘मावशी, दुखतंय का?’’ ‘‘नाही,’’ एवढाच एक शब्द तिने म्हटला, आणि भाचीने तो खरा मानला, कारण हाताखाली पाठ आता शांत होती. ‘‘हे तुला कुणी शिकवलं?’’ तिने बऱ्याच वेळाने विचारलं. ‘‘काय? हात? आई करते की. लहानपणी मी धावत आले की करायची.’’ धाकटीने तेवढं बरोबर नेलं होतं.

त्यानंतर ती सावकाश चालायला शिकली. हे म्हणायला सोपं आहे. तिला ते घाईच्या खांबांपेक्षा कितीतरी अवघड गेलं. सुरुवातीला दोन खांबांत काय करायचं हेच कळेना. हात कुठे ठेवायचे, बघायचं कशाकडे. मग पाणी दिसू लागलं, रंगवायला काढलेल्या नावेचा रंग रोज थोडा वाढताना दिसू लागला, एक लंगडं कुत्रं तिला ओळखू लागलं. मधल्या दिवशी ती खिडकीत बसून राही आणि काही करत नसे, आणि आपण काही करत नाही हे कुणी पकडेल अशी भीती हळूहळू कमी झाली. घाईच्या खांबाला आता जोर होता. पावलं आपणहून उचलत. खांब संपला की ती स्वतःच हात मागे नेऊन पाठीवर ठेवायला बघे, तो काही मधोमध पोचत नसे, म्हणून मग छातीवर ठेवी. धडधड जोरात येई आणि पहिल्यापेक्षा किती लवकर ओसरू लागली होती, ते तळव्याला कळे. झोप येऊ लागली, अशी की सकाळी दूधवाल्याने घंटा वाजवली ती तिला ऐकूच आली नाही, आणि दारातली पिशवी बघून ती हसत सुटली. कार्यालयाचा जिना ती एक मजला झपाझप, मग मधल्या सपाटीवर थोडं रेंगाळून, अशी चढू लागली. वर येऊन गुरुजींना नमस्कार करताना तिचं पूर्ण वाक्य निघे, आणि आता ते खरं असे.

पण ते रस्त्यावर. बूथमधलं अजून व्हायचं होतं, आणि ते परिषदेच्या दिवशीच व्हायचं होतं. सभागृह भरलेलं. शेवटच्या रांगेत विभागप्रमुख, कानांवर हेडफोन, हातांची घडी. पहिली पाळी तिची होती आणि ती नीट गेली. पहिली नेहमीच नीट जायची. घसरायची ती दुसरी. तिने बटण बंद केलं, गुरुजींचं लागलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य सुरू होताच तिचे ओठ हलायला लागले. ते तिला जाणवलं. तिने ओठ मिटले. मिटलेल्या ओठांआड जीभ चालू राहिली. गुरुजी एका आकड्याशी अडखळले, आणि तिचं सगळं अंग पुढे झुकलं, आकडा घशाशी आला, कारण खाली प्रमुख ऐकत होती, आणि बूथची चूक ती दोघांची चूक. तेव्हा तिने ती गोष्ट केली जी तिने ह्या खुर्चीत कधीच केली नव्हती. तिने दोन्ही हातांनी हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. तेवढ्याने भागेना, गुरुजींचा आवाज होताच. म्हणून तिने पर्समधून शिकाऊ मुली अभ्यासाला बसताना वापरतात ते मऊ बोळे काढून कानांत घातले. आज ते तिने बरोबर आणले होते, म्हणजे मनात कुठेतरी ठरलेलंच होतं. जग मिटलं. व्यासपीठावर एक बाई तोंड हलवत होती. पहिल्या रांगेतले लोक माना डोलवत होते. लांबणबुवा आपल्या जागेवर बसून कागद उलटसुलट करत होते आणि त्यांचा हात कापत होता; इतक्या परिषदांत तिने त्यांचा हात कधी पाहिला नव्हता, फक्त वाक्य पाहिलं होतं. म्हातारा घाबरायचा बोलायला. म्हणून क्रियापद लांबवायचा. आईला हे असं दिसायचं सगळं. तोंडं हलताहेत, कुणी चिडलंय, कुणी भ्यायलंय, आणि मधे आपली पोर धावते आहे. तिने छातीवर तळहात ठेवला. ठोके येत होते, मग संथ येऊ लागले. गुरुजींच्या आकड्याचं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही. तिला त्याची काळजी वाटली नाही, आणि काळजी वाटत नाही ह्याचं नवलही वाटेनासं झालं.

खांद्यावर हात पडला.

 जिन्यावर पावलं वाजली असणार, दार उघडलं असणार, तिला काही ऐकू आलं नव्हतं. खाली शेवटच्या रांगेकडे बघायचा तिला धीर झाला नाही. एवढं करून शेवटी खिडकीची खोलीच. तिने मान वळवली. गुरुजी होते. त्यांचा दुसरा हात बटणावर, शेवटचं वाक्य अजून तोंडात, ओठ हलताहेत, आणि डोळ्यांनी तेवढं विचारताहेत: घेतेस ना? शेवटच्या रांगेत प्रमुख होती तिथेच होती, हातांची घडी घालून. पाळी आली होती, बस. आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिला हात लावून सांगावं लागलं होतं. जन्मभर ती इतरांच्या खांद्याला हात लावत धावली, आईच्या, बहिणीच्या, परक्यांच्या. आणि आज पहिल्यांदा तिचे कान मिटलेले होते, घर जागं होतं, आणि दुसरं कुणीतरी तिला बोलवायला आलं होतं. तिने बोळे काढले. आवाज परत आले, ताजे, जणू मधल्या काळात कुणी धुऊन ठेवले होते.

लांबणबुवा उभे राहिले. तिने बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. म्हाताऱ्याने वाक्य सुरू केलं, त्यात दुसरं घातलं, दुसऱ्यात तिसरं, नदीच्या उगमापासून निघाला आणि वाटेतल्या प्रत्येक धरणाशी थांबत खाली येत राहिला. आणि ती त्याच्या कापऱ्या हाताकडे बघत त्याच्याबरोबर चालली, जोराने जायचं तिथे जोराने, तो कागदात अडकला तिथे थांबून. फार मोठं वाक्य होतं. शेवटी त्याने खिशातून क्रियापद काढलं, ते तिने तिच्या भाषेत ठेवलं, आणि ठेवून झाल्यावरही तिच्याजवळ श्वास उरला होता. जिन्यावर कुणी आलं नाही. पाळी संपली तेव्हा तिने होडीत गढलेल्या गुरुजींच्या खांद्याला हात लावला, हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि टेबलाखाली पाय नेऊन बूट काढले.